तारेचा डावा पीळ

गाडी सटाण्याकडून आणली, त्या संध्याकाळी आईचं आणि माझं कडाक्याचं वाजलं. मी दिवसभर उन्हात गाडी चालवत आलो होतो, अंगाचा भुगा झाला होता, आणि दारात गाडी उभी केल्यावर आईने आरतीचं ताट आणण्याऐवजी पहिला प्रश्न विचारला, "तिथल्या बाईनं हळदीकुंकू लावून दिली का?"

मी म्हटलं, "लोखंड आहे ते, आई. सोयरीक नाही."

"गोठ्यातली कालवड इकली तरी बाई तिच्या कपाळाला कुंकू लावून देती, पायावर पानी घालती. घरची लक्ष्मी जाती म्हनून. तिथं कोन्ही पुढं आलं नाय का?"

कोणी आलं नव्हतं. ज्याच्याकडून गाडी घेतली तो धिप्पाड, अबोल माणूस होता. गाडी त्याच्या धाकट्या भावाची. "भाऊ आते शेती देखत नही, म्हनीसन गाडी काढनी शे," एवढंच तो म्हणाला. बागलाणी बोली मला जेमतेम कळते, पण भाऊ आता शेती बघत नाही, हे कळलं. मला वाटलं, लागला असेल कुठे नोकरीला. गाडी अंगणातून बाहेर काढताना दारात एक बाई उभी होती. चौकटीला हात लावून उभी होती आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत हलली नाही. हे मी आईला सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

"त्या घरात कायतरी झालेलं हाय," ती म्हणाली, आणि चुलीपाशी निघून गेली. नंतर तिने गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पण मी चिडूनच झोपलो.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होतो, आणि पाळी संपली की उरलेला दिवस द्राक्षबागेत. आमच्या मांडवाखाली मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. फवारणीसाठी लांबच लांब नळ्या ओढत मजूर फिरवायचे, आणि छाटणीनंतरच्या दिवसांत मजूर मिळायचे नाहीत. दोन ओळींतून जाणारी, मागे फवारणीचा ब्लोअर जोडता येणारी छोटी गाडी, म्हणजे मिनी ट्रॅक्टर, तेव्हा सगळ्यांनाच हवी होती. नवीन घ्यायची आमची ऐपत नव्हती. जुनी घ्यायची तर माझ्यासारख्याने का घाबरावं, असा मला माज होता. दुसऱ्यांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करण्यावरच तर माझं पोट होतं.

जुनी गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे ती उघडून बघणं. मी सुट्टीच्या दिवशी बॉनेट काढलं आणि आधीच्या माणसाशी माझी ओळख व्हायला लागली. बॅटरीखाली त्याने जुन्या चपलेचा तळ कापून बसवला होता, अगदी मापात. डिझेलच्या नळीला जिथे पत्रा घासत होता तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. सीटच्या खाली एका बाजूला लाकडाची पाचर होती. ती काढून टाकली तर सीट डावीकडे कलली, म्हणून मी ती मुकाट्याने परत ठोकली. आणि जिथे जिथे तारेने बांधलेलं होतं, तिथे तिथे तारेचं टोक आत वळवून दाबलेलं होतं, चुकूनही कोणाच्या हाताला टोचू नये असं. माझ्या कारखान्यातल्या पोरांना मी जन्मभर हे सांगत आलो. एकानेही ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्या तारांचा पीळ उलटा होता. आपण पक्कड धरून पीळ मारतो तो उजवीकडे फिरतो. याचे सगळे पीळ डावीकडे फिरलेले. सोडवायला गेलो की माझा हात सवयीने चुकीच्या बाजूला फिरायचा आणि तार सुटण्याऐवजी आणखी घट्ट व्हायची. मी शिव्या घालायचो. मग मीही त्याच्याशी बोलायला लागलो. "काय रे बाबा, इथं काय करून ठेवलंस?" असं म्हणत मी नट सोडवायचो. बायको हसायची. घरात त्याचं नावच 'पहिला' पडलं. पहिल्याने हे केलंय, पहिल्याने ते केलंय.

हसण्यावारी गेलं ते थोडे दिवस. बाग हिरवी झाली, मांडव पानांनी झाकला गेला, आणि मी दुपारी गाडी घेऊन ओळीत शिरायला लागलो. मांडवाखाली भर उन्हातही हिरवट अंधार असतो. मागे ब्लोअरचा आवाज इतका की कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. तोंडाला फडकं, औषधाचं धुकं, आणि वेली डोक्याला लागतात म्हणून मान खाली घालून चालवायचं. अशा वेळी मला वाटायचं, आपण ज्या सीटवर बसलोय ती दुसऱ्याच्या अंगाने घडलेली आहे. क्लचचं पेडल एका कडेला झिजलेलं होतं. पाय आपोआप त्या झिजेत जाऊन बसायचा. ओळ संपली की माझा हात मी ठरवायच्या आधीच स्टिअरिंगवर त्या जागी गेलेला असायचा जिथे रंग उडाला होता. मी भुताखेतांना मानत नाही. पण मागे वळून बघायचो, हे खरं आहे. आणि मागे ब्लोअरशिवाय काही नसायचं, तरी पुढच्या ओळीत पुन्हा बघायचो.

आई गाडीच्या सावलीलाही उभी राहत नसे. मी तिच्यावर खेकसायचो, कारण मलाही आता एकट्याने गाडी काढायला नको वाटायचं आणि तसं म्हणायची लाज वाटायची.

पुढच्या वर्षी छाटणीच्या दिवसांत ती बाई आमच्याकडे आली. मी पहिली पाळी करून घरी पोचलो तर ओसरीवर बसलेली होती. अंगावर साधं पातळ, शेजारी पिशवीत डाळिंबं. एसटी बदलत बदलत आली होती. गाडीच्या दलालाकडून तिने आमचा पत्ता मिळवला होता. मी ओळखलं, चौकटीला हात लावून उभी असलेली हीच. आईने आधी तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. हळदीकुंकू लावायला तेव्हा कोणी का पुढे आलं नव्हतं ते मला त्या क्षणी कळलं. विधवा बाई कशी पुढे येईल?

पाणी पिऊन झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही गाडी लिधी तवय पेडलना खटका लागेल व्हता का?" गाडी घेतली तेव्हा पेडलांचा खटका लागलेला होता का.

या गाडीला ब्रेकची दोन पेडलं असतात, शेजारी शेजारी. एक उजव्या चाकाचं, एक डाव्या. ओळीच्या टोकाला जागा कमी असते, म्हणून तिथे एकच पेडल दाबायचं. एक चाक थांबतं आणि गाडी जागच्या जागी वळते. पण बागेतून रस्त्याला लागलं की दोन्ही पेडलं खटक्याने एकमेकांना अडकवायची, म्हणजे दोन्ही चाकं बरोबर थांबतात. वेगात असताना एकच चाक थांबलं तर गाडी एका बाजूला हिसका मारते आणि उलटते. खटका लावायला विसरणं ही आमच्या द्राक्षवाल्यांचीच चूक. आमच्या भागात ती कितीतरी जणांनी केली आहे, आणि बरेचसे वाचले म्हणून त्यावर हसतात.

तिचा नवरा वाचला नव्हता. बागेतून निघून पाटाच्या भरावावरून उतरताना त्याने ब्रेक दाबला आणि गाडी पाटाच्या बाजूला उलटली. लोक धावत गेले तेव्हा खटका मोकळा होता. विसरला, असं सगळ्यांनी ठरवलं.

"ते विसरनारा नव्हतात," ती म्हणाली. मग थांबून तिने उरलेलं सांगितलं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. तिच्या बहिणीच्या हळदीला जायचं की नाही, एवढंच. तो भरल्या ताटावरून उठला आणि गाडी घेऊन निघाला. त्यानंतर घरात कोणी तिला थेट बोललं नव्हतं. पण सासू रोज ताट वाढताना म्हणायची, रागात निघाला पोरगा, त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून खटका लावायचा राहिला. जाऊही तेच सांगायची, आणि गाडी विकणारा तो थोरला दीर मान हलवायचा. आता तिलाही तसंच वाटत होतं. रोज ताट वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते, म्हणाली. तिला फक्त कळायला हवं होतं, खटका खरंच राहिला होता का. तिच्यामुळे राहिला होता का.

मी गाडी घेतली तेव्हा खटक्याचं भोक झिजून अंडाकार झालं होतं. लावला तरी धक्क्याने निसटला असता. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून नवीन बनवून आणला होता, आणि जुना भंगारात गेला होता. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. गावात मेस्त्री हेच म्हणाला होता, पण मग झिजलेला खटका आहे हे माहीत असून गाडी भरावावर घातली म्हणजे चित्त ठिकाणावर नव्हतंच, असं सासूने उत्तर दिलं होतं.

डाळिंबांची पिशवी आईला द्यायला ती उठली, तेव्हा मी तिला विचारलं, "ते डावखुरे होते का?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. डाळिंबं ओसरीभर घरंगळली. "तुम्हले कोनी सांगं?" तिने विचारलं. मी तारांचं सांगितलं. ती गाडीपाशी गेली, बॉनेटखालचा एक पीळ मी तिला दाखवला, आणि ती त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. आईने तिला जेवायचा आग्रह केला, पण ती जेवली नाही. मी तिला स्टँडवर सोडून आलो.

त्या दिवसापासून माझ्या बायकोने एक नियम केला. कितीही भांडण होवो, मी काहीही बोललेलो असो, पोटात घातल्याशिवाय मला घराबाहेर पडू द्यायची नाही. तोंड फिरवून वाढायची, पण वाढायची. सकाळच्या पाळीला सुद्धा. मी त्यावरून तिची थट्टा केली नाही.

पण गाडीवर बसणं मला जड जायला लागलं. आधी कोणीतरी होता; आता तो मेलेला होता, आणि कसा ते मला माहीत होतं. बागेतून रस्त्याला लागताना मी खटका लावायचो, लावला का ते बघायचो, थोडं पुढे जाऊन उतरून पुन्हा बघायचो. आमच्या शिवारात एक ओढ्याची मोरी आहे. तिच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवताना वाटायचं, आता शेजारी कोणीतरी म्हणेल, मी विसरलो नव्हतो. मनातल्या मनात मी त्याला विचारायचो सुद्धा, मग काय झालं ते सांग. गाडी विकून टाकावी असं दोनतीनदा ठरवलं. पण विकायची तरी कोणाला आणि काय सांगून? त्याच्या भावासारखं, भाऊ शेती बघत नाही, असं सांगून?

पावसाळ्यात क्लच घसरायला लागला. पेडल सोडलं तरी गाडी ओढेना, जळका वास यायचा. क्लचप्लेट बदलायची म्हणजे ही गाडी मधून दोन तुकडे करून वेगळी करावी लागते. मी सुट्टी टाकली आणि गोठ्याच्या पत्र्याखाली कामाला बसलो. पाय ठेवायचा पत्रा काढला. त्याखाली पेडलांच्या दांड्याला चिखल आणि ग्रीस यांचा मिळून दगडासारखा थर झाला होता. अशी जागा कोणी साफ करत नाही. मी पटाशीने तो थर खरवडायला लागलो आणि आत पटाशीला काहीतरी अडकलं.

बांधायची तार होती. मांडवाला वापरतात तीच. आतल्या पेडलाच्या दांड्यावर वेढा तसाच होता, वरून घसरून खाली आलेला. मी ती रॉकेलमध्ये धुतली आणि उजेडात धरली. ग्रीसमध्ये राहिल्याने गंज नव्हता. पीळ जागच्या जागी होता, घट्ट, डावीकडे फिरलेला, टोक आत वळवून दाबलेलं. पीळ सुटला नव्हता. तार दुसऱ्या बाजूने तुटली होती, आणि तुटली होती तिथे ती ताणून बारीक झाली होती. कापलेल्या तारेचं टोक तसं दिसत नाही. जोराच्या ओढीने तुटलेल्याचं दिसतं. मी असली टोकं रोज बघायचो, त्याबद्दल मला शंका नव्हती.

खटका झिजलाय हे त्याला ठाऊक होतं. म्हणून रस्त्याला लागण्याआधी तो दोन्ही पेडलं तारेने बांधायचा. त्या दिवशीही बांधली होती. उतारावर त्याने सवयीने एका पेडलावर पाय दिला, कारण बांधलेली असली की एकावर दिला तरी पुरतो. तार ताणली गेली आणि तुटली. लोकांनी मोकळा खटका पाहिला. पत्र्याखाली घसरलेली तार कोण बघणार?

मग माझ्यातला फिटर जागा झाला आणि भांडायला लागला. कशावरून ती तार त्याच दिवसाची? आधी कधी तुटली असेल, आणि त्या दिवशी बांधायची राहिली असेल. मी दिवसभर यावर विचार केला. या माणसाने गाडीत कुठेही तारेचा मोकळा तुकडा सोडला नव्हता. पिळाचं टोक सुद्धा उघडं ठेवत नव्हता. तुटलेली तार पायाखाली लोंबत ठेवून तो दुसऱ्या दिवशी गाडीवर बसला नसता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या हाताला मी ओळखत होतो. एखाद्या माणसाला याहून जास्त ओळखता येतं की नाही, मला माहीत नाही.

आईला दाखवलं. तिने तार हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली. "नेऊन दे तिला," ती म्हणाली. "आजच्या आज."

शेवटची एसटी निघून गेली होती, म्हणून क्लच उघडाच ठेवून मी दुसऱ्या दिवशी सटाण्याची एसटी धरली. तार फडक्यात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली होती. वाटभर हात तिथेच जात होता. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं टाकायची तयारी चालली होती. देवळा मागे पडलं तसं मला वाटायला लागलं, आपण हे काय करतोय. झालेलं झालं होतं. तिला नुसतं पुन्हा उकरून काढल्यासारखं होईल. पण खिशातली वस्तू माझी नव्हती, आणि ती मला घरी ठेवून घेता आली नसती.

दीर अंगणातच होता. मला बघून त्याला वाटलं गाडीची तक्रार घेऊन आलोय. त्याचा चेहरा पडला. मी त्याला तार दाखवली आणि सांगितलं. मोठा आवाज काढायचा नाही असं वाटेत ठरवलं होतं, पण मेल्या माणसाची गाडी न सांगता गळ्यात मारल्याचा राग होताच, तो थोडा बाहेर पडला. त्याने ऐकून घेतलं. तार उलटसुलट करून बघितली, पिळावर अंगठा फिरवला. "हाई तेनाच हातनं शे," हे त्याच्याच हातचं, असं स्वतःशीच म्हणाला. मग दाराकडे तोंड करून भावजयीला हाक मारली. सासूही बाहेर आली, खाटेवर बसली.

मला जे सापडलं होतं तेवढंच मी सांगितलं. कुठे सापडली, कशी होती, कुठे तुटली होती. तिने तार तळहातावर घेतली. सासू जमिनीकडे बघत राहिली.

"म्हनजे बांधेल व्हती," ती म्हणाली.

"बांधलेली होती."

"भांडण झायं नसतं तरी तार तुटतीच?"

"तुटलीच असती."

मला वाटलं होतं, तिच्या छातीवरचा दगड उतरेल. मी त्यासाठीच आलो होतो. तिने तारेवर मूठ मिटली, आणि मग अगदी हळू, तक्रार केल्यासारखं म्हणाली, "मंग जेवीसन तरी जावानं व्हतं."

सासूने पदर तोंडाला लावला. दीर उठून गोठ्याकडे गेला.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, तव्याचा आला. बाहेर येऊन तिने ओसरीवर पाट मांडला, पाणी ठेवलं आणि माझ्यापुढे ताट आणलं. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा, शेवटी वाटीभर दूध. ती समोर खांबाला टेकून बसली आणि मी जेवताना बघत राहिली. भाकरी संपत आली की न विचारता दुसरी वाढायची. मी घरून पोटभर जेवून निघालो होतो. ते मी तिला सांगितलं नाही, आणि ताटात काही ठेवलं नाही.